सगळेच ‘सायन्स-बेस्ड’, मग ऐकायचं कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४७, पुण्यात आयटीत नोकरी. वडील ६२ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. तेव्हापासून आरोग्य आणि दीर्घायुष्यावरचे पॉडकास्ट ऐकणं सुरू झालं. चार-पाच जणांना नियमित ऐकतात, सगळे स्वतःला ‘सायन्स-बेस्ड’ म्हणवतात आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. सध्या एनएमएन आणि रेस्वेराट्रॉल (दोन्ही वय रोखण्याच्या नावाने विकली जाणारी सप्लिमेंट्स), ओमेगा-३ आणि व्हिटॅमिन डी चालू आहे, महिन्याचे साडेसहा हजार त्यात जातात. वर्षातून एकदा ‘फुल बॉडी’ पॅकेज होतं. घरी ७३ वर्षांची आई दोन्ही वेळा गुळवेलीचा काढा घेते. प्रश्न विचारणाऱ्याला हवीत ती ऐकण्यासारख्या तज्ज्ञांची दोन-तीन भरवशाची नावं.

मी एमडी मेडिसिन, जिल्ह्याच्या गावी बरीच वर्षं प्रॅक्टिस करतो. असा प्रश्न हल्ली ओपीडीत रोज येतो, बहुतेक वेळा मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे करून. नावं पुढे देतो, पण तुम्ही ज्या कामासाठी ती मागताय, त्या कामाची ती नाहीत.

तुम्ही असा एक माणूस शोधताय, ज्याच्या हातात सगळं शरीर सोपवून मोकळं होता येईल. असा तज्ज्ञ नसतो. आपल्याकडे डीएम कार्डिओलॉजी आहे, वृद्धांच्या आजारांसाठी एमडी जेरियाट्रिक्स आहे, पण ‘दीर्घायुष्य’ या विषयाची डॉक्टरकीची पदवी नाही. त्याचं कारणही सरळ आहे. एखाद्या गोळीने निरोगी माणूस जास्त जगतो हे सिद्ध करायचं तर तुमच्या वयाचे हजारो लोक घेऊन, निम्म्यांना खरी आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन तीस-चाळीस वर्षं थांबावं लागेल. एवढं कोणी थांबलेलं नाही. वार्धक्यावर आयुष्यभर काम केलेल्या ५१ शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एकत्र निवेदन काढलं होतं की बाजारात मिळणाऱ्या एकाही गोष्टीने माणसाचं वय होणं थांबल्याचं वा मंदावल्याचं सिद्ध झालेलं नाही. त्यानंतर उंदरांबद्दलचं ज्ञान खूप पुढे गेलं. पण वार्धक्य लांबवणारी म्हणून आज जी काही गोळी विकली जाते, तिच्यामागे माणसाचं आयुष्य वाढल्याचं दाखवणारी चाचणी नाही. त्यामुळे ‘मी दीर्घायुष्याचा तज्ज्ञ’ असं म्हणणारा माणूस फार तर एका तुकड्याचा तज्ज्ञ असतो आणि बाकीच्या तुकड्यांवर आत्मविश्वासाने बोलत असतो.

म्हणून आधी प्रश्नाचेच तुकडे करू. ‘जास्त कसं जगायचं’ हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. वडील जसे गेले तसं मी जाऊ नये, हा आहे. हा हृदयाचा प्रश्न आहे आणि त्यावर पुराव्यांचा ढीग आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. तंबाखू, कोलेस्टेरॉलचं प्रमाण, बीपी, मधुमेह, पोट सुटणं, मानसिक ताण, फळं-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि दारूची सवय, या नऊ गोष्टींवरून पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका स्पष्ट होतो. त्यातलाच दक्षिण आशियाई लोकांचा हिशेब नंतर वेगळा मांडला गेला: आपल्याकडे पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांकडे ५९ व्या. या यादीत एनएमएन नाही, बीपीचं मशीन आहे. पण बीपीवर तीन तासांचा पॉडकास्ट कोण ऐकणार?

इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. वडील ६२ व्या वर्षी गेले, पण पहिला त्रास कधी झाला? वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तरच आम्ही ‘घराण्यात अकाली हृदयविकार’ अशी नोंद करतो. वडिलांना ५२ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली असेल तर तुमचं गणित एक. साठीपर्यंत धडधाकट असतील आणि रोज दोन पाकिटं सिगारेट ओढत असतील तर पूर्ण वेगळं. तुम्ही ऐकता त्यातल्या एकानेही तुम्हाला हा प्रश्न विचारलेला नाही, विचारूच शकत नाही. पॉडकास्टवरचा सल्ला कितीही अचूक असला तरी तो कोणा एकाला दिलेला नसतो.

आता ऐकलेला दावा मी कसा तपासतो ते सांगतो, कारण नावांपेक्षा तेच जास्त उपयोगी पडेल.

मी पहिल्यांदा विचारतो, हे कोणावर झालं? तुमच्या रेस्वेराट्रॉलचीच गोष्ट घ्या. द्राक्षांच्या सालीतलं हे द्रव्य यीस्ट आणि उंदरांतल्या प्रयोगांमुळे गाजलं. त्याच्या जोरावर उभी राहिलेली सर्ट्रिस ही कंपनी २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने सुमारे ७२ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०१३ मध्ये तिचं केंद्र बंद केलं. दरम्यान अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने एक शिस्तीचा उपक्रम चालवला होता. एकच औषध तीन वेगळ्या प्रयोगशाळांत, मिशिगन, मेन आणि टेक्सासमध्ये, एकाच वेळी, नर-मादी दोन्ही उंदरांना द्यायचं आणि ते किती जगतात ते मोजायचं. निकाल काहीही येवो, छापायचा. त्यात रेस्वेराट्रॉलने आयुष्य वाढलं नाही. एनएमएनचं सख्खं भावंड असलेल्या निकोटिनामाइड रायबोसाइडनेही वाढलं नाही. वाढलं ते रॅपामायसिन या औषधाने, २००९ मध्ये, आणि तेही उंदीर चांगले म्हातारे झाल्यावर सुरू करून. (आपल्याकडच्या मेडिकलमध्ये शुगरसाठी मिळणारी अकार्बोजही त्यात चमकली, विशेषतः नरांमध्ये. म्हणून उद्या कोणी मेडिकलवाल्याकडे धावू नये. निरोगी माणसाला तिच्यातून काही मिळतं हे दाखवलेलं नाही. गॅसेस मात्र नक्की होतात.)

एनएमएनच्या माणसांवर छोट्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांत रक्तातलं एनएडी (पेशींना ऊर्जेसाठी लागणारं द्रव्य, एनएमएनपासून बनतं) वाढतं हे दिसतं. म्हणजे बाटलीतलं द्रव्य पोटातून रक्तात पोचतं, एवढं कळलं. पुढचा प्रश्न असा की रिपोर्टवरचा आकडा सुधारला, पण माणसाचं काय झालं? इथे फिनलंडची एक चाचणी कायम लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाजरं-भाज्या जास्त खाणाऱ्यांना, रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं निरीक्षणांतून दिसत होतं. मग गोळीच देऊ, असं ठरवून २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी केली. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. भाज्या खाणारी माणसं इतरही बऱ्याच बाबतीत वेगळी असतात, ते सगळं गोळीत मावत नाही. ‘अमुक घेणारे लोक जास्त जगतात असं आढळलं’ हे वाक्य कानावर पडलं की मला ती चाचणी आठवते.

आणि टक्के ऐकले की विचारायचं, कशाचे टक्के? हजारात दोघांना होणारा आजार हजारात एकाला होऊ लागला तर ‘धोका ५० टक्क्यांनी कमी’ असं छापता येतं, आणि ते खोटंही नसतं. गोळी मात्र हजार जणांनी घ्यायची, पैसे हजार जणांनी मोजायचे. चांगला डॉक्टर किंवा संशोधक स्वतःहून दोन्ही आकडे सांगतो. विकणारा फक्त मोठा आकडा सांगतो.

तुमच्या चार डब्यांपैकी व्हिटॅमिन डी आणि ओमेगा-३ यांची तर मोठी चाचणी झालेली आहे. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर व्हायटल नावाची. रोज २००० युनिट डी घेऊन कर्करोग किंवा हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, आणि २०२२ च्या निकालात हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी झालेलं दिसलं नाही. ओमेगा-३ नेही मुख्य मोजमापांत फरक पडला नाही. याचा अर्थ कमतरता असलेल्याला डी देऊ नये असा नाही. चाचणी बहुतांशी कमतरता नसलेल्यांवर होती आणि निकाल त्यांनाच लागू होतो. उलट बाजूही बघा: ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी, जी आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते, ती तीन-तीन वर्षं चालू ठेवलेले लोक माझ्याकडे वाढलेलं कॅल्शियम आणि खराब झालेली किडनी घेऊन येतात. ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणत आलेले असतात.

आता माणसांकडे वळू. नोबेल हा शब्द ऐकला की आपण हात जोडतो. लायनस पॉलिंग यांना रसायनशास्त्राचं नोबेल १९५४ मध्ये आणि शांततेचं १९६२ मध्ये मिळालं. रेणूंच्या रचनेवर त्यांच्याइतकं जाणणारे जगात मोजके असतील. याच माणसाने नंतर व्हिटॅमिन सीचे मोठमोठे डोस सर्दीवर आणि कर्करोगावर चालतात असा आग्रह धरला. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांवर तपासून पाहिलं, फायदा दिसला नाही. तरी पॉलिंग मागे हटले नाहीत. माणूस अप्रामाणिक नव्हता, फक्त आपल्या कुंपणाबाहेर गेला होता. म्हणून मी पदवीबरोबर हेही बघतो की ती पदवी ज्या विषयातली आहे, त्याच विषयावर हा आत्ता बोलतोय का. झोपेवर संशोधन करणारा माणूस झोपेवर बोलत असेल तर कान देऊन ऐकावं. तोच पुढच्या भागात टेस्टोस्टेरॉन, आतड्यातले जिवाणू आणि बर्फाच्या पाण्याची आंघोळ यांवर तेवढ्याच ठामपणे बोलू लागला की आवाज कमी करावा.

दुसरं म्हणजे त्याचा पैसा कुठून येतो. पैसे घेणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मीही फी घेतो. पण समस्या सांगणारा आणि तिच्यावरची बाटली विकणारा एकच असेल तर वजनकाटा दुकानदाराच्या हातात आहे. भारतात नोंदणीकृत डॉक्टरने एखाद्या उत्पादनाची जाहिरात वा शिफारस करणं २००२ च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. तरीही स्वतःच्या नावाचा ब्रँड चालवणारा ‘डॉक्टर’ दिसला तर दोन शक्यता: तो नियम मोडतोय, किंवा तो नोंदणीकृत नाही. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोग यांच्या संकेतस्थळांवर नावाने शोधता येतं. डब्यावरच्या एफएसएसएआय क्रमांकाने भुलू नका. तो अन्न परवाना आहे, गुण येतो याचा दाखला नाही.

तिसरी कसोटी मला सगळ्यात जवळची आहे. ‘काय दिसलं तर तुम्ही हा सल्ला बदलाल?’ असं विचारलं तर या माणसाकडे उत्तर आहे का? किंवा त्याने पूर्वी काही बदललेलं आहे का? वर सांगितलेल्या उंदरांच्या उपक्रमावर माझा भरवसा आहे तो रॅपामायसिनच्या यशामुळे कमी आणि फसलेल्या औषधांची यादी त्यांनी स्वतः छापल्यामुळे जास्त.

तज्ज्ञ एकमेकांच्या उलट बोलतात ही तुमची तक्रार खरी आहे, पण जरा कान देऊन ऐका, भांडण कशावर चाललंय. प्रोटीन वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅम की १.६, व्यायाम उपाशीपोटी की खाऊन. तंबाखू, बीपी, शुगर, चालणं, ताकदीचा व्यायाम, झोप यांवर त्या सगळ्यांचं एकमत असतं आणि तो भाग एपिसोडमध्ये पाच मिनिटांत उरकतो. आपल्याकडे काही वर्षांपूर्वी ‘दीक्षित की दिवेकर’ यावरून घराघरांत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाद झाले. दोनदा जेवायचं की थोडं थोडं खायचं, यापलीकडे चर्चा गेलीच नाही. चीनमध्ये १३९ स्थूल लोकांवर वर्षभराची चाचणी झाली, २०२२ मध्ये छापून आली. दोन्ही गटांनी उष्मांक सारखेच कमी केले, एका गटाने वर सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळात खाल्लं. वजनात लक्षणीय फरक आला नाही. यावरून दीक्षितांची पद्धत चूक ठरते का? नाही, ती पद्धत त्या चाचणीत नव्हतीच. ज्यांना दोनच वेळा जेवण झेपतं आणि त्यातून एकूण खाणं कमी होतं, त्यांना फायदा होईल. सल्फोनिलयुरिया (शुगर उतरवणाऱ्या गोळ्यांचा एक प्रकार) किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने ते डॉक्टरांना न विचारता सुरू केलं तर शुगर एकदम उतरून तो चक्कर येऊन पडेल. एकच सल्ला, दोन माणसं, दोन परिणाम.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: दावा माणसांवर तपासलाय का, मोजलं काय, टक्के कशाचे, बोलणारा आपल्या विषयात आहे का आणि विकतोय काय. एवढं विचारलं की तुमच्या यादीतले निम्मे आपोआप गळतील.

आता नावं. ही शिफारस नाही, विश्वासार्ह काम कसं दिसतं त्याचे नमुने म्हणून देतो. हृदयाच्या धोक्यासाठी सलीम युसूफ, इंटरहार्टचे सूत्रधार, मूळचे केरळचे आणि काम कॅनडात. मधुमेहासाठी चेन्नईचे व्ही. मोहन. ते ज्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात अग्रभागी आहेत त्याने २०२३ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज मांडला. आणि पुण्यात राहता म्हणून केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक. त्यांचा एक छोटासा लेख २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. त्यात ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे फोटो शेजारी शेजारी आहेत. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. सडपातळ दिसणारा भारतीय आतून कसा असू शकतो, हे दोन फोटोंत दाखवलं. त्यांच्याच गटाने पुणे परिसरातल्या पुरुषांचं रक्त तपासलं तेव्हा दोन-तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत.

हे मुद्दाम सांगतोय. तुम्ही ऐकता ते बहुतेक लोक अमेरिकन आहेत. ते खरं बोलत असले तरी समोर मांस खाणारा, ९० किलोचा श्रोता धरून बोलतात. एनएमएनवर महिन्याला हजारो रुपये घालवणाऱ्या शाकाहारी माणसाचं बी-१२ कोणी तपासलेलंच नाही, असं मी वरचेवर पाहतो. बी-१२ च्या कमतरतेने येतात तशा त्याच्या पायाला मुंग्या येत असतात आणि तो पेशींच्या वयाबद्दल बोलत असतो.

स्वतः वाचायचं असेल तर कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आढावे पहिले. ते एका चाचणीवर न थांबता सगळ्या चाचण्या एकत्र तोलतात आणि साध्या भाषेतला सारांश मोफत असतो. आहारासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना आपल्या ताटाला धरून आहेत. भारतात चालू असलेल्या चाचण्या सीटीआरआय या नोंदवहीत सापडतात. २००९ पासून तिथे आधी नोंद करणं सक्तीचं आहे. ‘आमच्या औषधावर क्लिनिकल ट्रायल झाली’ म्हणणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. चेहरा बघण्यासारखा होतो.

पण तुमच्यासाठी सगळ्यात उपयोगी तज्ज्ञ यातला कोणीच नाही. तो तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बसतो, त्याने कदाचित तुमच्या वडिलांनाही पाहिलं असेल. चांगला फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन शोधा. ओळखायचा कसा? बीपी स्वतः मोजतो, एकदा जास्त आलं तर लगेच गोळी न देता घरी मोजून आणायला सांगतो, जुनी औषधं बंदही करतो, आणि एखादी तपासणी का नको ते सांगतो. कटप्रॅक्टिस आपल्या धंद्यात आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच तपासणी ‘का’ करायची आणि रिपोर्ट असा आला तर पुढे काय बदलणार, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर ‘काही नाही’ असं असेल तर तपासणी करू नका.

याच कारणासाठी फुल बॉडी पॅकेज बंद केलं तरी चालेल. सरसकट आरोग्य तपासणीवरचा कोक्रेनचा २०१९ चा आढावा अडीच लाखांवर लोकांच्या चाचण्यांवर आहे. त्यात मृत्यू कमी झालेले दिसत नाहीत. पॅकेजमधले ट्यूमर मार्कर (कर्करोगाचा माग काढायच्या रक्ततपासण्या) तर लक्षणं नसलेल्या माणसाला उगाच घाबरवतात आणि मग सीटी, बायोप्सी असं शेपूट लागतं. त्याऐवजी बीपी, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), बी-१२ आणि कमरेचा घेर. शिवाय आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए. हृदयविकाराचा धोका वाढवणारा हा आनुवंशिक घटक साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये दिसत नाही, आणि प्रत्येक प्रौढाने तो एकदा तपासावा असं युरोपच्या हृदयतज्ज्ञांच्या २०१९ च्या सूचना सांगतात. तुमच्या वडिलांचा इतिहास बघता मी ती नक्की करून घेतली असती. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जास्त निघालं तर स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीची चर्चा होईल. तिच्याबद्दलही यूट्यूबवर बरंच ऐकलं असेल, ते डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडा. एनएमएन आणि रेस्वेराट्रॉल आज संपले तर पुन्हा मागवू नका. डी तपासून ठरवा. वाचलेल्या पैशांत बीपीचं दंडावर बांधायचं चांगलं मशीन येतं आणि जिमची फीही निघते.

राहिला आईंचा काढा. त्याची काळजी मला तुमच्या गोळ्यांपेक्षा जास्त वाटते. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, दुसरी सारखी दिसणारी वनस्पती वापरली गेली असावी असं म्हटलं. वाद कोणाच्याही बाजूने सुटो, आईंच्या दृष्टीने फरक पडत नाही: बाजारातून आणलेली काडी नेमकी कसली, हे आपल्याला घरी ओळखता येत नाही. त्यांना ‘बंद कर’ असं एकदम म्हणू नका, ऐकणार नाहीत आणि लपवून घेतील. त्यांना थायरॉइड, मधुमेह किंवा संधिवाताची औषधं चालू आहेत का ते बघा, एक एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करून घ्या आणि रिपोर्टसोबत काढ्याची ती काडीही डॉक्टरांकडे घेऊन जा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा भूक गेली तर रिपोर्टची वाट न बघता काढा त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टर गाठा.